हाताखालची ओळ

माधुरीचं बोट दगडावरच्या एका ओळीशी थांबलं आणि धोंडिरामांचा जीव वरखाली झाला.

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या गेटजवळचा हा दगड निम्म्या बिऱ्हाडांसाठी देवी होता, उरलेल्यांसाठी जुन्या बुद्धविहाराची खूण. आता इमारत पाडून नवी उभी राहणार होती आणि दगडापाशी बिल्डर एकच खोली देणार होता. मंदिर की विहार, या भांडणात कितीतरी मीटिंगा वाया गेल्या. शेवटी देवीवाल्यांचे पुढारी विद्याधरच म्हणाले, "माधुरी सांगेल ते मान्य." पुरातत्त्वात डॉक्टर झालेली पोरगी विहारवाल्या धोंडिरामांची, आणि भरवसा सगळ्यांचा. त्या दिवशी बापाची छाती शर्टात मावेना. विहारासाठी त्यांनी मूर्तीसुद्धा बघून ठेवली.

"वर सूर्य-चंद्र कोरलेत," माधुरी सांगत होती. "ते आहेत तोवर हे दान टिकेल, असा अर्थ. खाली गाढव आहे. दान मोडेल त्याला ती शिवी."

लोक हसले. बिल्डरचा माणूस तेवढा हसला नाही.

"म्हणजे देवी नाही?" विद्याधरांनी विचारलं.

"नाही, काका. हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी जमीन दान दिली, त्याचा हा लेख."

"पण दिली कुणाला?" धोंडिरामांना राहवलं नाही.

तिने बापाकडे पाहिलं. ती लिपी तिथे दुसऱ्या कुणाला येत नव्हती. विहाराला, एवढंच म्हणाली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. म्हण गं, ते मनात म्हणाले.

"नाव झिजलंय, पप्पा. वाचता येत नाही."

"पावसाने?"

"पावसाने सगळाच झिजला असता. हा एवढाच भाग खोलगट झालाय. येता-जाता आपण सगळे हात लावतो ना, तिथेच."

धोंडिरामांचा चेहरा उतरला. कामावर जाताना दगडाला हात लावायचं त्यांनी एक दिवस चुकवलं नव्हतं. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. सख्खा बाप आशेने समोर उभा होता, तरी पोरगी खोटं बोलली नव्हती. ते दगडापाशी गेले. सवयीने हात पुढे झाला, तो त्यांनी मागे घेतला.

"मग खोलीचं काय करायचं?" विद्याधरांनी हळूच विचारलं.

"दगडालाच द्या," धोंडिराम म्हणाले. "आणि आजपासून कुणी हात लावायचा नाही. उरलंय ते माझी पोरगी वाचणार आहे."