उगवतीचा लांडगा

“ह्यावर तुमचा कुणाचा इस्वास बसायचा न्हाय,” रामहरी आबा स्टुलावरनं म्हणाले, “पर मी लांडग्याला नुसत्या फेट्यानं पळवलाय.”

“आबा, मान हलवू नका,” माधवी मॅडम म्हणाल्या.

बारामतीच्या त्या चित्रकलेच्या वर्गात आज आबांनाच समोर बसवलं होतं. खिडकीतलं ऊन त्यांच्या एका गालावर पडलं होतं. अकरा जण कागदावर वाकले होते. बारावी आबांची नात निकिता. 

दोन महिने तिनं अंडी, चेंडू, माठ काढले, आणि प्रत्येकाला दोन्हीकडून सारखंच काळं केलं. “उजेड कुठून येतोय ते बघ, मग सावली दे,” मॅडम रोज सांगत. आज शेवटची संधी. जमलं नाही तर पटावरून नाव कमी, आणि सोमवारपासून एमआयडीसीत पॅकिंगला. वडील सकाळीच तसं बजावून गेले होते.

आबांचा चेहरा तर तिला पाठच. पाठ होता म्हणून ती बघतच नव्हती. कागदावर दोन्ही गाल तव्याच्या बुडासारखे काळे झाले होते.

मॅडम हजेरीपट घेऊन तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. हातात लाल पेन. “दहा मिनिटं, निकिता.”

आबांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातनं टिपलं.

“इंदापूरकडचा माळ,” त्यांनी सुरू केलं. “उगवतीकडनं लांडगा आला. खोंडाएवढा!”

सगळे हसले. निकिता हसली नाही. ही गोष्ट त्यांच्या गावात, वडगाव निंबाळकरात, शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. तीस वर्षं तो लांडगा उगवतीकडनंच यायचा. वेळ दिवेलागणीच्या आधीची, मावळतं ऊन आबांच्या पाठीवर, आणि लांडग्याची सावली त्याच्या मागं लांबलचक. गावानं लाख खुसपटं काढून पाहिली, पण त्या गोष्टीत खोट कुणाला सापडली नव्हती.

“सकाळची येळ,” आबा म्हणाले. “सूर्य नुकता वर आल्याला. लांडग्याच्या बरोबर पाठीमागं.”

निकिताची पेन्सिल अडखळली. सकाळची?

“आन त्याची सावली,” आबांनी एकेक शब्द सावकाश टाकला, “मागं, सूर्याकडं, हीऽऽ लांब पडल्याली.”

“मग?” कुणीतरी विचारलं.

“मग काय, सोडला फेटा...”

निकितानं मान वर केली. आधी खिडकीकडं पाहिलं, मग आबांच्या नाकाकडं. नाकाच्या पलीकडं सावली होती. अलीकडं नव्हतीच. तिनं खोडरबर उचललं आणि खिडकीकडच्या गालावरचा सगळा काळेपणा एका दमात पुसून टाकला. मागं लाल पेनाला टोपण लागल्याचा आवाज झाला. तो तिनं ऐकलाच नाही.

“आबा, खोटं!” ती ओरडली. “सूर्य लांडग्याच्या मागं हाय, तर सावली तुमच्या पायावर पडंल की!”