चौथं पान

चौथ्या पानाला कावळा याही वर्षी शिवला नाही.

पान म्हणजे कागदी प्लेट. स्लाऊमध्ये केळीची पानं शोधत कोण हिंडणार? सर्वपित्री अमावास्येला सुलक्षणाबाई बागेच्या भिंतीवर चार प्लेटा ओळीने मांडत. एक सासऱ्यांची, एक सासूबाईंची, एक डॉक्टरांची, म्हणजे नवऱ्याची. या तिन्ही कावळ्यांनी दहा मिनिटांत फस्त केल्या. डॉक्टरांचा वडा तर दोघांनी भांडून नेला. इंग्लंडातले कावळे असले म्हणून काय, वडे-खिरीची चव त्यांना चांगली कळत होती. चौथ्या प्लेटपाशी मात्र ते यायचे, मान वाकडी करून बघायचे आणि उडून जायचे. हे चौदावं वर्ष.

चौथं पान एस्तेबानचं. त्याच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमची एक पोचे आलेली बाटली, पाण्याने भरलेली. तिच्यावर खिळ्याने खरवडून त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं.

ही बाटली त्यांच्या मुलाने, विनयने आणली होती, ब्याऐंशी साली, फॉकलंड बेटांवरच्या युद्धातून. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि इंग्लंडच्या सैन्यात जखमींची मलमपट्टी करायचा. टेकडीवरची लढाई संपली तेव्हा धुक्यात त्याला दोघं जखमी सापडले. एक त्याच्याच तुकडीतला कॉर्पोरल. दुसरा हा एस्तेबान, शत्रूचा पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा. खांद्यावर एकालाच नेता येणार होतं. विनयने आपला माणूस उचलला. त्याबद्दल त्याला कुणी कधी बोल लावला नाही. पण कॉर्पोरल पाणी पाणी करत होता आणि पाणी होतं फक्त त्या पोराच्या बाटलीत. विनयने ती त्याच्या हातातून ओढून घेतली. परत येतो, असं त्याला सांगून गेला. तीन तासांनी धुकं निवळल्यावर तो आला तेव्हा तिथे एक बूट होता आणि काळं पडलेलं रक्त. पोरगा कुणीतरी पुरून टाकला असणार, हे त्याने न विचारताच गृहीत धरलं.

कॉर्पोरल वाचला. दर ख्रिसमसला त्याचं कार्ड येई आणि विनय ते न उघडता ड्रॉवरमध्ये टाकून देई. त्याने लग्न केलं नाही. ग्लासभर पाणी घेतलं की अर्धं तसंच ठेवी. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही ग्लास रिकामा केल्याचं सुलक्षणाबाईंनी पाहिलं नव्हतं. आईच्या काळजाला घरं पडायला एवढं पुरे असतं.

म्हणून त्या दरवर्षी भिंतीपाशी उभ्या राहून हात जोडत. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग ती पूर्ण करण्याचा शब्द द्यावा लागतो. बाईंनी आजवर पुष्कळ शब्द दिले होते. तुझ्या नावाने अन्नदान करीन. तुझ्या देवळात मेणबत्ती लावीन. शेजारीण पडद्याआडून बघायची. कावळा काही ऐकत नव्हता.

"आई, सोड ना," विनय मागच्या दारातून म्हणाला. "तो नाही घेणार आपल्याकडून. त्याचा पाणी मी घेतला. व्हाय वुड ही?"

"त्याला जेवण नकोच असेल," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "त्याची वस्तू आपल्या घरात अडकलीय. ती घरी पाठव. त्याच्या आईला."

"आणि काय लिहू? की तुझ्या मुलाला मी तिथेच सोडला?"

"तेच लिही."

चार ओळी लिहायला त्याला तीन आठवडे लागले. एस्तेबानच्या आईचं नाव माहीत नव्हतं, म्हणून पाकिटावर नुसतं 'एस्तेबानच्या आईस' लिहिलं आणि पार्सल त्या गावच्या चर्चच्या पत्त्यावर गेलं. बाटली गेली तरी फळीवरचा तिचा गोल डाग राहिला. विनय येता-जाता त्याच्याकडे बघे. आता तिकडे एक बाई ती बाटली मांडीवर घेऊन बसली असेल, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे येई. त्याची उरलीसुरली झोपही गेली.

उत्तर फेब्रुवारीत आलं, कुणीतरी इंग्रजीत लिहून दिलेलं. विनयने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसला आणि कागद आईकडे सरकवला. बाईंनी चष्मा लावला.

'तुझं पत्र आईच्या नावाने होतं. ती दोन वर्षांपूर्वी वारली, म्हणून मी उघडलं. तू गेल्यावर तासाभराने तुमच्याच दुसऱ्या तुकडीने मला उचललं. एक पाय गेला, बाकी बरा आहे. तुझा तो माणूस जगला का? बाटली ओढायची गरज नव्हती. मी देतच होतो. एस्तेबान.'

विनय टेबलावर डोकं टेकून रडत होता. सुलक्षणाबाईंनी तोंडावर हात धरला. चांगल्या जित्याजागत्या पोराला आपण चौदा वर्षं पितरांच्या रांगेत बसवलं, या विचाराने त्यांना घाम फुटला. त्यांनी आपले दोन्ही कान धरले. मग त्यांची नजर खिडकीतून बागेच्या भिंतीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"विनू," त्या हळूच म्हणाल्या, "चौदा वर्षं कावळा हेच तर सांगत होता रे."