सगळ्या लाइनी चालू

सुरतेतल्या लिंबायतची गायत्री साड्यांच्या मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसायची. कामगारांच्या तक्रारींसाठी ठेवलेल्या फोनच्या लाइनी रोज सकाळी सर्व्हरवर तपासायच्या आणि सगळ्या हिरव्या दिसल्या की शेठना "चालू आहेत" म्हणून कळवायचं, हे तिचं काम.

त्याच मिलमध्ये तिची आई साड्यांच्या घड्या घालायची. तिथल्या बायकांच्या संडासाला दिवाळीपासून कुलूप होतं. "फोन करून तक्रार कर ना," गायत्री म्हणाली, तशी आई फणकारली, "घंटी वाजस बेटा, पन कोनी उचलस नही!"

गायत्रीने शोधलं, तर तक्रारींचे फोन मॅनेजरच्या कपाटात कोंडलेले. ती तडक शेठकडे गेली. शेठ हसले.

"तू फक्त लाइन चालू आहे का बघ. कोण उचलतं, ए तारूं काम नथी."

"बरं शेठ," म्हणत ती जागेवर आली. सगळ्या लाइनी तिने एकाच नंबरवर वळवल्या आणि आईला निरोप धाडला.

दुपारी माल घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीची माणसं कामगारांच्या सोयी तपासायला आली. शेठनी ऐटीत गायत्रीच्या कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. "सगळ्या लाइनी चालू, आणि तक्रार एकही नाही!"

तेवढ्यात शेठच्याच खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी कापला. तो पुन्हा वाजला.



"उचला शेठ," पाहुण्यांसमोरच गायत्री म्हणाली, "माझी आई आहे. संडासाची किल्ली मागतेय."