आठ पूर्णांक चार

सेफिनाने स्कोनची ताटली बाजूला सारली आणि आलेख टेबलावर पसरला. एकाच ताऱ्याची अडतीस वर्षं, टिंबाटिंबांनी. नरतुरंग तारकासमूहातला हा तांबूस तारा महिनोन्महिने उजळत जातो आणि तसाच मंदावतो. आभाळ निरभ्र असलं की मर्विन दुर्बिणीतून त्याच्या तेजाचा आकडा ठरवायचा आणि त्याची बायको नोलीन तो वहीत लिहायची. आकाशगंगेचा आकार मोजणारे लोक असल्या आकड्यांवर विसंबतात, म्हणून ते तपासायला सेफिना ऑकलंडहून रॅनफर्लीला आली होती.

"बाकी सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "पण सहा वर्षांपूर्वी तारा तुम्हाला एकदम जास्त उजळ दिसायला लागला, तो आजपर्यंत. तारा बदललेला नाही, मर्विन. डोळा बदललाय."

नोलीनची किटली कपापर्यंत पोचलीच नाही.

डोळा तिचा होता. मर्विनच्या नजरेच्या मधोमध काळं भोक पडलं होतं आणि ते वर्षागणिक वाढत होतं. तो दुर्बिणीला डोळा लावून आकडा सांगायचा. मग नोलीन दुर्बीण झाकायच्या निमित्ताने मागे थांबायची, स्वतः बघायची आणि आपला आकडा लिहायची. एरवी वाद घातल्याशिवाय त्याचा एकही आकडा वहीत न उतरवणारी ही बाई सहा वर्षं मुकाट्याने 'बरं' म्हणत होती. आपले आकडे वहीत जात नाहीत हे त्याला कळलं तर तो खुर्चीतून उठायचाच बंद होईल, ही तिची धास्ती.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल ना?" सेफिना म्हणाली. "तेवढं लिहून द्या, काम झालं. दुसऱ्या कुणी बघितलं असेल, तर मात्र ही सहा वर्षं मर्विनच्या नावावरून काढावी लागतील."

"ऑपरेशनच," नोलीन म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्याने जरा मोठ्यानेच.

"कुणाचं?" मर्विनने विचारलं. "माझ्या डोळ्यांना आजवर कुणी हात लावलेला नाही."

सेफिनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं.

"नवा डोळा कसा आहे?" मर्विनने तिला विचारलं.

"चांगला आहे." ती अडखळली. "खरं सांगायचं तर, आधीच्यापेक्षा चांगला."

"कुठून सुरू होतो?"

त्याची बोटं कागदावर चाचपडत गेली आणि भलत्याच वर्षावर थांबली. नोलीनने किटली खाली ठेवली, त्याचं बोट धरलं आणि सरकवत पुढे नेलं.

"इथून. इथून मी आहे, मर्विन." तिला रडू येत होतं.

"माहीत आहे. दोन वर्षं मला तारा सोड, दुर्बीणसुद्धा धड दिसत नाही. रोज आठ पूर्णांक चारच सांगतोय."

"मग बोलला का नाहीस?"

मर्विनने बोट तिच्या मुठीतच राहू दिलं.

"तू पुन्हा कधी भांडतेस, याची वाट बघत होतो."