झाकायचा मजकूर

सकाळी डबा घेताना दिलीप बायकोला म्हणाला, “जास्तीचं थालीपीठ दे गं, ऑफिसात आवडतं.” अनुराधाने कौतुकाने दिले. कोठी भागातल्या सरकारी कचेरीत ती कापडदुकानातल्या आगीच्या चौकशीतल्या जबान्या प्रसिद्धीसाठी तयार करी. ज्यावरून माणूस ओळखू येईल, ते काळ्या पट्टीखाली झाकायचे, हा नियम. आज दुकानातल्या तरुणीची जबानी आली: “दिलीप रोज माझ्यासाठी थालीपीठ आणतात. ते खायला आम्ही बाहेर गेलो, म्हणून मी वाचले.” खाली दिलीपचा म्हणून दिलेला, अनुराधाला पाठ असलेला नंबर, शिवाय तरुणीचा नल्लकुंट्याचा पत्ता. माझ्या हातची भाजणी हिच्या तोंडी! अनुराधाने पत्त्याचा फोटो काढायला फोन उचलला, क्षणभर धरला आणि पर्समध्ये टाकला. तिने नावे, नंबर, पत्ता झाकले. मग थालीपीठावर पट्टी ओढू लागली. शेजारचा रफी हसला, “थालीपीठसे कौन पहचानते, मॅडम?” “घरवाले,” म्हणत तिने पट्टी पूर्ण केली.