वरच्या खोलीत रेंज

अक्कलकुव्याच्या आमच्या घरात वायफायची रेंज फक्त पुढच्या खोलीत यायची, आणि तिथे सासरे पेपर उघडून बसलेले असायचे. आमच्याकडे अजूनही सासरे सुनेशी थेट बोलत नाहीत. मी डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यातून आईला व्हिडिओ कॉल करायचे. मी कुजबुजायचे, पण आईचा आवाज खोलीभर. त्यात पापड लाटण्यावरून आजीशी भांडून मामी माहेरी निघून गेलेल्या, म्हणजे बोलायला विषयही तसाच.

शेवटी माझ्या नवऱ्याने, श्रेणिकने, माळ्यावर पडलेला जुना राउटर काढला, खालच्या राउटरपासून वायर ओढली आणि तो वर आमच्या खोलीत लावून दिला. आता मी दार लावून निवांत बोलते.

काल संध्याकाळी कॉल संपवून जिना उतरत होते, तर खाली कोणीतरी खाकरलं. सासरे उभे होते. हातात पेपर होता, पण त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

 

भिंतीकडे बघत, लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले, "बेटा, मामीजी परत आल्या की नाही?"