भरवशाचा पाय

"पाय सैल सोड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खांबाने उजवा पाय सैल सोडला आणि श्वास रोखून धरला. बाईंनी एका हाताने नडगी पकडली आणि दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली.

खांब हे नाव त्याला फुटबॉल संघातल्या पोरांनी ठेवलेलं. बचावफळीत उभा राहिला की तो हलायचा नाही. उजवा घोटा मात्र कधी दगा देईल याचा नेम नव्हता. मैदानावर मुरगळायचाच, पण घरात सपाट फरशीवर चालतानाही कलंडायचा. सूज उतरायची, घोटा काही ताळ्यावर यायचा नाही. तरी खेळायला खांब एका पायावर तयार. "एकाच पायावर," बायको म्हणायची.

तो एक पाय म्हणजे डावा. उडी मारली की डाव्यावर उतरायचं, वळायचं डाव्यावर, जिना चढतानाही पहिला डावाच. तोही अधूनमधून लचकायचा, पण त्याचं कोण मनावर घेतंय? पट्टी आवळायची आणि खेळायचं. डावा शहाणा होता.

प्रत्येकाच्या सांध्याची ठेवण निराळी. म्हणून घोटा किती सैल झालाय, ते त्याच माणसाच्या दुसऱ्या घोट्याशी ताडून बघतात. गेल्या वर्षी तपासणीच्या याच टेबलावर उजवा डाव्यापेक्षा फार पुढे सरकला आणि खांब संघाबाहेर गेला. मग वर्षभर त्याने लहानसहान सामने खेळत उजव्याची मनोभावे सेवा केली. उशीवर उजव्या पायाने उभं राहून दात घासले, मुलीकडून पाढे म्हणून घेतले. यंदा संघात नाही घेतलं तर या वयात परत कोणी बोलावणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

बाईंनी डावा पाय ओढून पाहिला. परत उजवा. परत डावा.

"दोन्ही सारखेच आहेत," त्या म्हणाल्या.

"बघ, म्हटलं नव्हतं?" दारात उभा असलेला कोच हसला. खांबाचे डोळे भरून आले. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"म्हणजे उजवा सुधारला ना, मॅडम?"

बाईंनी त्याची वर सरकवलेली पँट हळूच खाली ओढून दिली.

"उजवा होता तसाच आहे रे. डावा त्याच्या बरोबरीला आलाय."

कोच दारातून निघून गेला. खांबाने बूट चढवले, नाडी बांधली, उगाचच सोडून पुन्हा बांधली. ती खोली प्रेक्षकांच्या गॅलरीखाली होती आणि मैदानावर जायला जिना चढावा लागे. वरून चेंडूचे आवाज येत होते, कोणीतरी पास मागत होतं. खांब कठडा धरून पहिल्या पायरीशी उभा राहिला. आधी कुठला पाय टाकायचा, ते त्याला कळेना.